लॉजच्या रजिस्टरातली पीएचडी

हॉटेल मॅनेजमेंटच्या कॉलेजात मार्केटिंग हा सगळ्यांत पोरका विषय. किचनच्या प्रॅक्टिकलला मुलं कडक इस्त्रीचा ॲप्रन घालून वेळेआधी हजर असतात, सर्व्हिसच्या तासाला नॅपकिनच्या घड्यांवरून पैजा लागतात. मार्केटिंगच्या तासाला मात्र जेवणानंतरची सुस्ती. मी तोच विषय शिकवते, बेळगावात, मराठी, कन्नड आणि कोकणी घरांतून आलेल्या मुलांना, इंग्रजी पुस्तकांतून. पुस्तकातला पाहुणा एकतर कंपनीच्या खर्चानं आलेला असतो, नाहीतर सुट्टीवर. त्याच्या खोलीची खिडकी समुद्राकडे उघडते. मग खानापूरकडचा एखादा मुलगा विचारतो, "मॅडम, आमच्या काकांचा स्टँडजवळ लॉज आहे. तिथं असलं कोण येत नाही. मग तिथं मार्केटिंग नसतंय काय?"

या प्रश्नातून माझा पीएचडीचा विषय निघाला, असं मी प्रबंधाच्या प्रस्तावनेत लिहिलंय. ते खोटं नाही, पण पीएचडीशिवाय पुढची बढती नाही हेही तितकंच खरं. आमच्या शाखेची गंमत अशी, की शिक्षकांसाठी हॉटेल मॅनेजमेंटच्या नॅशनल कौन्सिलची स्वतंत्र पात्रता परीक्षा आहे, यूजीसीच्या नेटमध्ये आम्ही पर्यटनाच्या पोटात असतो, आणि पीएचडी करायची तर बहुतेकदा व्यवस्थापन किंवा वाणिज्य विभागाच्या दारातून आत जावं लागतं. मी व्यवस्थापनाच्या दारातून गेले. प्रवेश परीक्षा, मुलाखत, कोर्सवर्क यांत सांगण्यासारखं फार नाही. संशोधन पद्धती, संख्याशास्त्र, संशोधनाची नीतिमत्ता असे पेपर आणि सुट्टीच्या दिवशी पुन्हा विद्यार्थी होऊन बाकावर बसणं.

गाइड सर धारवाडकडचे. बोलणं मोजकं. बेळगाव शहर आणि खानापूर भागातल्या लहान निवासी हॉटेलांची सेवा आणि त्यांचं मार्केटिंग, असा विषय मी मांडल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "लहान म्हणजे किती?" मी व्याख्या केली: तीसच्या आत खोल्या, तारांकन नाही, मालक स्वतः काउंटरवर बसतो. मग मापदंड कोणता, हा दुसरा प्रश्न. सेवेचा दर्जा मोजायचा म्हटलं की आमच्या क्षेत्रात सर्व्हक्वाल आलंच. परशुरामन, झाइथामल आणि बेरी या तिघांनी १९८५ साली कल्पना मांडली आणि १९८८ साली बावीस विधानांची प्रश्नावली दिली. कल्पना साधी आहे. ग्राहकाची अपेक्षा काय होती ते विचारा, प्रत्यक्षात काय मिळालं ते विचारा, दुसऱ्यातून पहिलं वजा करा. उरेल तो सेवेचा दर्जा. वजाबाकी ऋण आली तर हॉटेल कमी पडलं, धन आली तर अपेक्षेपेक्षा जास्त दिलं.

प्रश्नावली मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत केली. ब्रिसलिन यांनी १९७० साली सांगितलेली रीत अजूनही सगळे पाळतात: एकानं इंग्रजीतून मराठीत आणायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्यानं परत इंग्रजीत न्यायचं, आणि दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून बघायचं. हे काम वेळखाऊ आहे, पण त्यात भांडणं होत नाहीत. भांडणाची शक्यता होती ती फॉर्म हातात देताना. मातृभाषा कोणती, हा प्रश्न बेळगावात नुसता माहितीपुरता राहत नाही. महाराष्ट्रानं सीमाप्रश्नाचा दावा २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलाय आणि तो अजून सुटलेला नाही. अनोळखी माणूस कागद-पेन घेऊन भाषा विचारायला लागला, की समोरचा आधी त्याच्याकडं नीट बघून घेतो. शिवाय घरात मराठी बोलणारी पण कन्नड शाळेत शिकलेली माणसं इथं खूप, आणि उलटंही तेवढंच. म्हणून मी मुलांना एकच वाक्य पाठ करायला लावलं: "कुठला कागद वाचायला सोपा जाईल?"

पाहणीची तालीम मी नेहरूनगरच्या बाजूला केली. तिथल्या मोठ्या रुग्णालयात सिंधुदुर्ग, कोल्हापूर, गोवा, बागलकोट अशा सगळ्या दिशांनी पेशंट येतात. पेशंट वॉर्डात आणि सोबतचं माणूस आसपासच्या लॉजवर. कधी आठवडा, कधी महिना. ही माणसं फॉर्म भरून देत, अगदी आदरानं. दोडामार्गकडच्या एक मावशी होत्या, नवऱ्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून मीच एकेक विधान वाचून दाखवलं. चांगल्या हॉटेलातले कर्मचारी तुमच्याकडं वैयक्तिक लक्ष देतील अशी तुमची अपेक्षा असते का, एक ते पाचमध्ये सांगा. त्या म्हणाल्या, "बाय, गरम पाणी मिळालं तरी पुरे." मी अपेक्षेच्या रकान्यात एक लिहिला. पुढं प्रत्यक्ष अनुभवाच्या रकान्यात त्यांनी चार सांगितले, कारण लॉजवरचा पोरगा पेशंटसाठी पेज करायला गॅस देत होता.

वजाबाकी धन तीन. असे कितीतरी फॉर्म. संगणकावर आकडे चढवले तेव्हा चित्र असं दिसलं, की ज्या लॉजच्या भिंतीला ओल आहे, ज्याच्या जिन्यात दिवा नाही, त्याची सेवा पंचतारांकित हॉटेलाला लाजवेल अशी. सूत्र चुकलेलं नव्हतं, बेरीज-वजाबाकीही बरोबर होती. पण हा सगळा मापदंड ज्याला निवड आहे अशा माणसासाठी बेतलेला. चार हॉटेलं पाहून, तुलना करून, मनात काही धरून आलेल्या माणसाची अपेक्षा मोजता येते. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी ज्याचा जीव टांगलाय, त्यानं लॉज निवडलेला नसतो. रिक्षावाल्यानं जिथं सोडलं तिथं तो राहतो.

गाइड सरांनी आकडे पाहिले आणि आणखी एका गोष्टीवर बोट ठेवलं. क्रोनबाखचा अल्फा, म्हणजे प्रश्नावलीतली विधानं एकमेकांना धरून आहेत का याचं माप. साधारण ०.७ च्या वर असला की संशोधक सुटकेचा श्वास सोडतो. माझा ०.९ च्याही बराच वर. मी खुशीत होते. सर म्हणाले, "इतका चांगला अल्फा आला की मला झोप येत नाही." फॉर्म काढून बघितले, तर बऱ्याच जणांनी वरपासून खालपर्यंत एकाच आकड्यावर गोल केलेले. सगळं सारखंच भरलं की विधानं एकमेकांना धरून असणारच. आणि जे फॉर्म काउंटरवर, मालकाच्या नजरेसमोर भरले गेले होते, त्यांत तो आकडा हमखास पाच.

उपाय पुस्तकात होता. क्रोनिन आणि टेलर यांनी १९९२ सालीच सर्व्हक्वालवर हा आक्षेप घेतला होता: अपेक्षा मोजूच नका, अनुभव तेवढा मोजा. त्यांचा सर्व्हपर्फ मी घेतला, निम्मे प्रश्न गळाले, फॉर्म लॉजच्या बाहेर, रुग्णालयाच्या बाकांवर किंवा चहाच्या गाड्यावर भरून घ्यायचा नियम केला. पण निवड नसलेल्या माणसाचं मार्केटिंग म्हणजे काय, हा प्रश्न त्यानं सुटत नव्हता. त्यासाठी पाहुण्याला विचारून भागणार नव्हतं, तो कुठून, कधी आणि कशासाठी येतो ते बघायला हवं होतं. आणि ते सगळं प्रत्येक लॉजच्या काउंटरवर, पोलिसांच्या नियमापोटी, रोज लिहिलं जात होतंच.

रजिस्टर हे आमच्या धंद्यातलं सगळ्यांत दुर्लक्षित पुस्तक. कुठून आला, कुठं जाणार, येण्याचं कारण, माणसं किती, आल्याची वेळ, गेल्याची वेळ. वर्गात आम्ही ते 'गेस्ट रजिस्टर' म्हणून एका तासात उरकतो. ते बघायला मागणं मात्र सोपं नाही. एका बाईनं लॉजवर जाऊन मागणं तर त्याहून नाही. पहिल्या भेटीत बहुतेक मालकांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. कुणी दारातूनच "रूम रिकामी नाही" म्हणून मोकळं व्हायचं. कुणाला मी जीएसटीवाली वाटले. त्यात त्यांची चूक नव्हती. जुलै २०२२ मध्ये हजार रुपयांच्या आतल्या खोल्यांची करमाफी रद्द झाली होती आणि सगळे धास्तावलेले होते. एक वयस्कर मालक, मूळचे उडपीकडचे, प्रत्येक वेळी "ऊटा आयता मॅडम?" एवढंच विचारून मला जेवायला बसवायचे आणि रजिस्टरचं नाव काढलं की दुसरंच काही बोलायचे. शेवटी मी कॉलेजचं पत्र, विद्यापीठाचं पत्र आणि एक छापील फॉर्म नेला. त्यावर मी काय उतरवून घेणार आणि काय नाही ते स्पष्ट लिहिलेलं. नाव नाही, फोन नाही, आधार नाही. फक्त तारीख, गाव, कारण, वेळा. वही लॉजच्या बाहेर जाणार नाही. तो कागद त्यांनी दोनदा वाचला आणि खणातून मागच्या वर्षांची रजिस्टरं काढून दिली. दुपारी धंदा थंड असतो, तेव्हा मी काउंटरच्या आतल्या बाजूला बसून लिहायची. पोरगा येता-जाता विचारायचा, "काय लिहूलायसा एवढं?"

येण्याचं कारण या रकान्याचा उपयोग शून्य. पानंच्या पानं 'खाजगी काम'. कुठून आणि कुठं मात्र खरं लिहिलेलं, आणि तारखा तर खोटं बोलूच शकत नाहीत. तारखा एका खाली एक मांडल्यावर जे दिसायला लागलं ते मला कुठल्याही पुस्तकानं शिकवलं नव्हतं.

कर्नाटक विधिमंडळाचं डिसेंबरचं अधिवेशन सगळ्यांना माहीत असतं. सुवर्ण विधानसौध २०१२ साली उभं राहिलं, आणि हिवाळी अधिवेशन बेळगावात भरलं की प्रशासन चांगली हॉटेलं आधीच राखून घेतं. आमदार, अधिकारी, पत्रकार, मागण्या घेऊन आलेले मोर्चे. पण माझ्या लहान लॉजांच्या वह्यांत आमदार कुठून येणार? तिथं दिसत होतं ते त्याचं दुसरं टोक. एरवी मध्यम हॉटेलात उतरणारा औषध कंपनीचा प्रतिनिधी त्या दिवसांत स्टँडजवळच्या लॉजवर यायचा, आणि लॉजवरचा नेहमीचा गिऱ्हाईक निपाणी किंवा धारवाडला मुक्काम करून सकाळच्या बसनं यायचा. गर्दी वरून खाली ढकलली जात होती. २०२० साली कोविडमुळे अधिवेशन बेंगळुरूलाच झालं. त्या डिसेंबरची पानं शेजारी ठेवून बघितली की हा ढकलण्याचा प्रकार स्वच्छ दिसतो, अर्थात त्या वर्षी सगळीच पानं कोरी पडायला आली होती, त्यामुळे मी त्यावर फार भार दिला नाही.

मला खरा धक्का दिला तो कसम परेडनं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं प्रशिक्षण केंद्र कॅम्पात आहे. रंगरुटांचं प्रशिक्षण संपलं की शपथेची परेड होते आणि ती बघायला सातारा, सांगली, कोल्हापूर, कोकण इथून आईवडील, काका, मामा, गावातली चार माणसं, अशी जीप भरून येतात. आदल्या संध्याकाळी पोहोचतात, पहाटे उठतात, परेड बघतात, पोराला घेऊन कुंदा बांधून दुपारी परत. रजिस्टरात अशा रात्री एकेका खोलीत चार-पाच नावं आणि सगळी एकाच तालुक्यातली. हे कुटुंब पैशाला मागेपुढे बघत नाही, कारण आयुष्यातला हा एकच दिवस आहे. त्याला पहाटे चारला चहा आणि गरम पाणी हवं असतं. आणि आमच्या शहरातल्या लॉजवर ते मिळायची वेळ साडेसहा.

उलट यल्लम्माच्या यात्रेचं. सौंदत्तीच्या डोंगरावर पौर्णिमेला कोल्हापूरकडून लाखाच्या हिशेबात माणसं जातात. मला वाटलं होतं तेव्हा बेळगाव भरून वाहत असणार. वह्यांत काहीच नाही. गाड्या ठरवून येणारा भाविक थेट डोंगरावर जातो, तिथंच राहुटी ठोकतो, तिथंच नैवेद्य शिजवतो. गर्दी असली म्हणजे मुक्काम असतोच असं नाही. हे वाक्य मी आता वर्गात पहिल्याच आठवड्यात सांगते.

आणि डिसेंबर २०२२. सीमाप्रश्न तापला, दगडफेक झाली, दोन्हीकडच्या बसगाड्या काही काळ थांबल्या. त्या आठवड्याच्या वहीत 'कुठून' या रकान्यातून कोल्हापूर आणि सांगली एकदम गायब, पण रुग्णालयाजवळच्या लॉजवर सिंधुदुर्ग तसंच चालू. दुखणं बस सुरू व्हायची वाट बघत नाही, सावंतवाडीकडनं आंबोलीच्या घाटातनं माणूस येतोच.

वह्यांतून आकडे काढताना एक तांत्रिक डोकेदुखी झाली, ती माझ्यासारखं काही करणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगते. मोठ्या हॉटेलात दुपारी बाराला खोली सोडायची असते. लहान लॉज चोवीस तासांच्या हिशेबानं चालतात. पहाटेच्या गाडीनं उतरून, आंघोळ करून, कोर्टाचं काम उरकून संध्याकाळी परतणारा माणूस खोली अर्धा दिवसच वापरतो, आणि त्याच खोलीत रात्री दुसरा येतो. एका तारखेला एक खोली दोनदा विकली जाते. मग खोल्या किती टक्के भरल्या हे काढायला गेलं की उत्तर शंभराच्या वर. शेवटी मी दोन रकाने केले. एकात नाइट ऑडिटच्या पद्धतीनं रात्री बाराला ज्या खोलीत माणूस आहे ती मोजली, दुसऱ्यात दिवसभरातली प्रत्येक विक्री. स्टँडजवळच्या लॉजांत दुसरा आकडा पहिल्याच्या पुढं असायचा, रुग्णालयाजवळ जवळपास सारखा. म्हणजे दोन्ही ठिकाणी धंदा 'लॉज' या एकाच पाटीखाली चालतो, पण विकला जाणारा माल वेगळा: एकीकडं आंघोळ आणि दोन तासांची पाठ टेकणं, दुसरीकडं महिन्याचं बिऱ्हाड.

मालकांच्या मुलाखतींनी माझा अहंकार बराच उतरवला. आम्ही वर्गात रेव्हपार शिकवतो, उपलब्ध खोलीमागची कमाई. वीस खोल्यांपैकी बारा आठशे रुपयांनी गेल्या तर ९६०० रुपये, म्हणजे खोलीमागं ४८०. दर सहाशेवर आणून सतरा गेल्या तर १०,२०० रुपये, खोलीमागं ५१०. तात्पर्य, दर कमी करा. हे गणित मी त्या उडपीकडच्या मालकांसमोर उत्साहानं मांडलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "पाच खोल्या जास्त गेल्या. चादर, साबण, गीझर, पोराचा भत्ता, खोलीला दीडशे धरा. साडेसातशे गेले. तुम्ही मला सहाशे मिळवून दिलेत." तिथंच बसून मी माझ्या वहीत लिहून घेतलं. यालाच पुढच्या वर्षीच्या पाठ्यक्रमात आम्ही खोलीमागचा ढोबळ नफा म्हणतो आणि त्यासाठी वेगळा तास घेतो.

रिक्षावाल्यांबद्दलही तसंच. गिऱ्हाईक आणून सोडणाऱ्याला मालक ठरावीक रक्कम देतात. ऑनलाइन पोर्टलं साधारण पंधरा-वीस टक्के किंवा जास्त कापतात, पण ती उद्या येणाऱ्या गिऱ्हाइकाचं नाव दाखवतात. रिक्षावाला आत्ता, पावसात, सामानासकट माणूस समोर उभा करतो. वितरण व्यवस्था यावरच्या माझ्या प्रकरणात रिक्षांना चार पानं आहेत. विभागाच्या समितीपुढं ती काढून टाकायची सूचना झाली. मी नम्रपणे ठेवली.

प्रबंध लिहिणं हे एकटेपणाचं आणि कंटाळवाणं काम आहे, त्यावर जास्त बोलत नाही. साहित्यचोरीच्या तपासणीत दहा टक्क्यांची मर्यादा असते. तयार मापदंडाची बावीस विधानं शब्दशः द्यावीच लागतात आणि सॉफ्टवेअर नेमका त्यांनाच लाल रंग मारतं, तेव्हा परिशिष्ट वगळून तपासायला सांगा, एवढं लक्षात ठेवलं तरी खूप. खुल्या मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, की तारांकित हॉटेलं सोडून हा पसारा का मांडला, यातून उद्योगाला काय मिळणार. मी त्यांना परेडच्या पहाटेचा चहा सांगितला. त्यांनी पुढचा प्रश्न अल्फावर विचारला.

वर्गात आता बदल एवढाच केलाय, की बाजारपेठेचे गट शिकवताना पुस्तकातला तक्ता मी नंतर दाखवते. आधी मुलांना काँग्रेस विहिरीवर नेते. डिसेंबर १९२४ मध्ये टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष असलेलं एकमेव. गंगाधरराव देशपांड्यांनी सगळी व्यवस्था उभी केली आणि पाण्यासाठी ही विहीर खोदली गेली. हजारो माणसं येणार, हॉटेलं नाहीत, तर काय काय लागेल याची यादी करा, असं मी विहिरीच्या काठावर सांगते. यादीत सजावट सगळ्यांत शेवटी येते. मग मुलं लॉजच्या रजिस्टरकडं वळतात.

यंदा शेवटच्या वर्षाचे दोन गट निपाणी आणि चिकोडीच्या वह्या उतरवून घेतायत. निपाणीत तंबाखूचे व्यापारी, चिकोडी भागात साखर कारखान्यांचा गळीत हंगाम. बेळगावच्या तारखा तिथं चालणार नाहीत, एवढं पहिल्याच वह्यांवरून दिसतंय. एका गटानं 'येण्याचं कारण' हा रकाना सोडून द्यायचं ठरवलंय. दुसरा गट म्हणतो, काउंटरवरच्या पोरालाच विचारायचं, त्याला सगळं माहीत असतं. त्यासाठी परवानगीचा छापील फॉर्म बदलावा लागेल, तो कसा लिहायचा यावर सध्या आमचं चाललंय.